डॉकिंगमध्ये रुटिन सिटाग्लिप्टिनच्याही पुढे गेले. आता पुढे काय करावे?

मुठाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षात शिकते. मधुमेहावर उपयोगी पडू शकतील अशा वनस्पतिज रेणूंचा शोध हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ताम्हिणी घाट परिसरातील काही वनस्पतींवर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतून मी त्यांत आढळणाऱ्या संयुगांची यादी केली, डीपीपी-४ या विकराची (एन्झाइमची) स्फटिकरचना प्रोटीन डेटा बँकेतून घेतली आणि ऑटोडॉक व्हिना या संगणकप्रणालीने प्रत्येक संयुगाचे डॉकिंग केले, म्हणजे रेणू विकराच्या खळग्यात कसा व किती घट्ट बसेल याचा अंदाज घेतला. रुटिन या वनस्पतिज संयुगाला उणे ९.८ असा गुण मिळाला आणि तुलनेसाठी घेतलेल्या, डीपीपी-४ अडवणाऱ्या सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाला उणे ८.६. व्हिनाच्या हिशेबात आकडा जितका उणे, तितका रेणू घट्ट बसतो, त्यामुळे यादीत रुटिन सर्वांत वर आले.

मार्गदर्शक म्हणतात की एवढ्यावर शोधनिबंध होईल. होईलही, परंतु माझे समाधान होत नाही. रुटिन चहातही असते, आणि ते खरोखरच सिटाग्लिप्टिनपेक्षा सरस असते तर दिवसातून चार वेळा अमृततुल्य गाठणाऱ्या या शहरात मधुमेही औषधालाही सापडले नसते. या गुणाचा नेमका अर्थ काय घ्यावा, त्यानंतर प्रयोगशाळेत कोणत्या क्रमाने काय करावे, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता नवे रेणू सुचवू लागलेली असताना वनस्पतींच्या मागे लागण्यात अर्थ उरला आहे का, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

चतुःशृंगी

आपली शंका रास्त आहे, आणि ती प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात जशीच्या तशी यायला हवी. मी बरीच वर्षे औषधी रसायनशास्त्राच्या विभागात काम केले असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आकड्याकडे पाहू. हा गुण किलोकॅलरी प्रति मोल या एककात असतो, आणि सामान्य तापमानाला साधारण १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधाच्या घट्टपणात दहापट फरक. या हिशेबाने सिटाग्लिप्टिनचा उणे ८.६ हा गुण सुमारे ५०० नॅनोमोलर इतका येतो (हा आकडा जितका लहान, तितका बंध घट्ट). प्रत्यक्ष प्रयोगात मात्र सिटाग्लिप्टिन डीपीपी-४ चे निम्मे कार्य १८ नॅनोमोलरलाच थांबवते. ही दोन मापे तंतोतंत एकच नव्हेत, तरीही ज्या औषधाविषयी आपल्याला सर्व काही ठाऊक आहे त्याच्याच बाबतीत संगणक पंचवीस-तीसपटीने चुकला आहे, हे आपल्या तक्त्यातच लिहिलेले आहे. व्हिनाच्या कर्त्यांनी २०१० मध्ये दिलेली प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी होती, म्हणजे घट्टपणाच्या भाषेत शंभरपटीहून अधिक. आपल्या दोन रेणूंमधील १.२ चा फरक त्या त्रुटीत सहज बुडून जातो.

दुसरी गोष्ट आकाराची. अशा गुणांकन पद्धतींत रेणू जितका मोठा तितके त्याचे प्रथिनाशी स्पर्शबिंदू अधिक, आणि तितका गुण फुगतो. सिटाग्लिप्टिनचा रेणुभार ४०७ आहे, तर दोन शर्करा अंगावर वागवणाऱ्या रुटिनचा ६१०. रुटिनसारखे फ्लेव्होनॉइड ग्लायकोसाइड, टॅनिन आणि सॅपोनिन हे वनस्पतींतील मोठे रेणू जवळजवळ प्रत्येक डॉकिंगच्या यादीत शिखरावर दिसतात, मग लक्ष्य मधुमेहाचे असो, कर्करोगाचे असो वा विषाणूचे. एकच रेणू सर्व कुलुपांना लागतो असे दिसले की चावीचे कौतुक करण्याआधी कुलपे तपासावीत.

म्हणून पहिले काम असे करा. सिटाग्लिप्टिनसह मिळालेली डीपीपी-४ ची रचना १एक्स७० या क्रमांकाने उपलब्ध आहे. तिच्यातून सिटाग्लिप्टिन काढा, पुन्हा डॉक करा आणि ते मूळ जागी परत बसते का ते पाहा; मूळ स्थितीपासून सरासरी विचलन २ ॲंगस्ट्रॉमच्या आत असावे, असा संकेत आहे. त्यानंतर गुण बाजूला ठेवून चित्र मोठे करून पाहा. सिटाग्लिप्टिनचे तीन फ्लोरीन असलेले वलय एस-१ नावाच्या खोल खळग्यात नीट भरते, आणि त्याचा अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट ग्लुटामेट २०५, ग्लुटामेट २०६ व टायरोसीन ६६२ या विकरातील अमिनो आम्लांशी बांधला जातो. नैसर्गिक पेप्टाइडाचे मोकळे टोक हे विकर ज्या जागी धरते, तीच ही जागा. रुटिनमध्ये असा अमाइन नाही. त्याची शर्करा खळग्याच्या तोंडाशी पसरून भाराभर हायड्रोजन बंध दाखवत असेल, तर पाण्यातही ते बंध तितकेच सहज जुळतात आणि प्रथिनाशी जुळल्याने पदरात फारसे काही पडत नाही.

समजा, एवढे करूनही रुटिन टिकले. मग प्रत्यक्ष विकरावर चाचणी घ्या. प्रचलित पद्धतीत ग्लायसिन-प्रोलीनला जोडलेला एएमसी हा गट विकराकडून तुटतो आणि त्याची निळी प्रतिदीप्ती (फ्लुओरेसेन्स) मोजली जाते. येथे एक सापळा आहे. एएमसीला उद्दीपित करणारा प्रकाश साधारण ३६० नॅनोमीटरचा असतो, आणि क्वेरसेटिन, रुटिन यांसारखे पिवळे फ्लेव्होनॉइड नेमका त्याच पट्ट्यातील प्रकाश शोषतात. विकर जोमाने काम करत असले तरी प्रकाश नमुन्यातच अडतो, आकडा खाली येतो आणि आपण त्याला अवरोध, म्हणजे विकराचे काम थांबणे, समजतो. त्यासाठी तयार एएमसी घेऊन, विकर न घालता, त्यात रुटिन मिसळून वेगळे मापन करावे. दुसरे नियंत्रण ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० या अपमार्जकाचे (डिटर्जंटचे). काही रेणू द्रावणात आपसांत गोळा होतात आणि त्या गोळ्यांवर कोणतेही प्रथिन चिकटून निकामी होते; अपमार्जक घातल्यावर अवरोध नाहीसा झाला, तर तो त्या गोळ्यांचाच प्रताप होता. चाचण्यांना फसवणाऱ्या अशा रेणूंची लक्षणे बेल आणि हॉलोवे यांनी २०१० मध्ये एकत्र मांडली, आणि आपल्या लाडक्या हळदीतील कर्क्युमिनवर २०१७ मध्ये याच अंगाने सविस्तर टीका झाली. ती वाचताना मराठी मनाला यातना होतात, पण वाचावी.

यापुढचा प्रश्न निवडकतेचा. डीपीपी-८ आणि डीपीपी-९ ही याच कुळातील विकरे आहेत. त्यांनाही अडवणाऱ्या रेणूंनी प्राण्यांमध्ये गंभीर विषारी परिणाम दाखवले, तेव्हा सिटाग्लिप्टिनच्या निर्मात्यांनी केवळ डीपीपी-४ वर काम करणारा रेणू मिळेपर्यंत रचना बदलत नेली. त्यांच्या कामाचा मोठा भाग घट्ट बसणारा रेणू शोधण्यात गेलाच नाही, तो नको तेथे न बसणारा रेणू घडवण्यात गेला. शिवाय तो पोटातून रक्तात पोहोचला पाहिजे. सिटाग्लिप्टिनचा सुमारे ८७ टक्के अंश रक्तात पोहोचतो आणि दिवसाला एक गोळी पुरते. रुटिन मात्र लहान आतड्यात फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याची शर्करा तोडतात, क्वेरसेटिन मोकळे होते आणि शोषले गेल्यावर यकृत त्याचेही झपाट्याने रूपांतर करते. म्हणजे ज्या रेणूचे आपण डॉकिंग केले, तो रुग्णाच्या रक्तात जवळजवळ नसतोच. लिपिन्स्कीने १९९७ मध्ये सांगितलेल्या मर्यादा, म्हणजे रेणुभार ५००, हायड्रोजन देणारे गट ५ आणि घेणारे १०, या तोंडाने घ्यायच्या औषधांसाठीच्या ढोबळ सूचना आहेत आणि निसर्गजन्य रेणू त्या अनेकदा यशस्वीपणे मोडतात. पण रुटिन तिन्ही मर्यादा एकदम मोडते.

गणनयंत्र

चतुःशृंगी यांचे विवेचन अचूक आहे. फक्त त्यातून डॉकिंग निरुपयोगी असल्याची समजूत होऊ नये, एवढ्यासाठी लिहितो. २०१९ मध्ये डोपामिनच्या डी-४ ग्राहीवर (रिसेप्टरवर) १३.८ कोटी रेणूंचे डॉकिंग केल्याचा शोधनिबंध नेचरमध्ये आला. हे रेणू कोणाच्या कपाटात नव्हते. मागणी आल्यास बनवता येतील अशा रेणूंची ती कागदावरची यादी होती. त्यांतील ५४९ रेणू खरोखर बनवून तपासले गेले, आणि सर्वांत प्रबळ रेणू १८० पिकोमोलरला, म्हणजे ०.१८ नॅनोमोलरला, काम करणारा निघाला. यशाचे मर्म त्या ५४९ मध्ये आहे. संगणकाने गवताची गंजी लहान केली, पण सुई हातानेच शोधावी लागली. आपल्याकडे पुष्कळ प्रबंध पहिल्या पायरीवर थांबतात आणि वर एक रंगीत चित्र चिकटवतात, हे दुखणे सॉफ्टवेअरचे नव्हे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी विचारलेत, तर २०२० चे हॅलिसिनचे उदाहरण पाहा. एमआयटीतील गटाने २,३३५ रेणू ई. कोलाय या जिवाणूवर तपासले, त्या निकालांवरून संगणकीय प्रारूपाला शिकवले आणि मग त्याला सुमारे ६,००० ज्ञात रेणूंचा संग्रह चाळायला लावला. त्यातून जो जिवाणूनाशक रेणू वर आला, तो पूर्वी मधुमेहासाठी अभ्यासला गेलेला होता. येथे प्रारूपाला खाद्य पुरवले ते एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने मिळवलेल्या स्वच्छ निकालांनी. वेगवेगळ्या निबंधांतून, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले आकडे गोळा करून जे प्रारूप बनते ते तसेच विस्कळीत निपजते. आणि हॅलिसिन अद्याप औषधाच्या दुकानात आलेले नाही.

अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीमुळे प्रथिनांच्या रचना मुबलक झाल्या आणि त्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, हे खरे आहे. परंतु रेणू आत शिरताना खळगा कसा उघडतो, कोणती बाजूची साखळी सरकते, हे त्या एका स्थिर रचनेतून नेहमीच कळत नाही. डीपीपी-४ साठी औषधासह मिळालेल्या प्रायोगिक रचना असताना आपल्याला तिची गरजही नाही.

घाटवाट

वनस्पतींच्या मागे लागण्यात अर्थ आहे का, या प्रश्नाचे उत्तर आपण जेथे फिरता त्याच घाटात उभे आहे. नरक्याचे झाड आपण पाहिले असेल. त्याच्या दुर्गंधीवरूनच हे नाव पडले असे सांगतात. त्याच्या सालीचा थोडा अर्क टीएलसी (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटवर चालवून ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला की एक ठिपका झगझगीत निळा उजळतो. तो कॅम्प्टोथेसिन.

हा रेणू प्रथम १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून मिळाला, आणि तो वेगळा करणाऱ्या मनरो वॉल व मनसुख वाणी यांच्यापैकी वाणी हे मूळचे नंदुरबारचे. नरक्यातही तो आहे, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले. कर्करोगाच्या पेशींवर प्रभाव जबरदस्त, परंतु तो पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला गेला. त्या क्रियेत रेणूतील लॅक्टोन वलय उघडते आणि वलय उघडले की मुख्य गुणच जातो. परिणाम अल्प, मूत्राशयातून रक्तस्रावासारखे दुष्परिणाम तीव्र, आणि १९७० च्या दशकात त्या चाचण्या गुंडाळल्या गेल्या. पुढे १९८५ मध्ये हा रेणू टोपोआयसोमरेज-१ या विकराला डीएनएवरच अडकवून ठेवतो, हे उलगडले आणि रसायनशास्त्रज्ञ पुन्हा कामाला लागले. वलय शाबूत ठेवून विद्राव्यता वाढवलेले टोपोटेकान आणि इरिनोटेकान १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

गोष्ट तेथेही थांबली नाही. इरिनोटेकानचे शरीरात एसएन-३८ या कितीतरी अधिक प्रभावी रूपात परिवर्तन होते. आता हेच एसएन-३८ प्रतिपिंडाला जोडून थेट गाठीच्या पेशींकडे पाठवले जाते. ते औषध, सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान, २०२० मध्ये मान्य झाले. त्याच्या आदल्या वर्षी मान्य झालेल्या ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकानवर लादलेला रेणूही कॅम्प्टोथेसिनच्याच कुळातला आहे. ज्या रेणूला पन्नास वर्षांपूर्वी विषारी म्हणून रजा दिली, तो वाहन बदलून परतला. असा पाच वलयांचा, विकर आणि डीएनए यांच्या सांध्यात पाचरीसारखा बसणारा सांगाडा कागदावर कोणाला सुचला असता, असे मला वाटत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नमुना गोळा केल्यावर त्याची ओळख कोरेगाव पार्कातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून किंवा आघारकर संशोधन संस्थेतून पक्की करून घ्या आणि हर्बेरियम नमुन्याचा क्रमांक प्रबंधात द्या; केवळ निबंधांतल्या याद्यांवर विसंबलात, तर आपल्या ताम्हिणीच्या झाडात तो रेणू आहे की नाही हेच ठाऊक नसते. आणि नरक्यासारखी झाडे औषधी मागणीपायी बेसुमार तोडली गेली आहेत, म्हणून साल किंवा मूळ लागणार असेल तर वन विभागाची परवानगी आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यातील तरतुदी आधी पाहा. रुटिनसाठी तर एकही फांदी तोडू नका. शुद्ध रुटिन बाटलीत विकत मिळते.

औषधनिर्माता-सदाशिव

एक प्रश्न कोणी विचारला नाही: डीपीपी-४ च का? जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते, ते इन्सुलिन वाढवते, आणि डीपीपी-४ त्याचे एक टोक छाटून अवघ्या दोनेक मिनिटांत त्याला निष्प्रभ करते. हे आधी सिद्ध झाले होते, म्हणून २००६ मध्ये सिटाग्लिप्टिन आले. त्याच ज्ञानातून दुसरी वाटही निघाली: विकर न अडवता संप्रेरकच न तुटणारे करायचे. गिला मॉन्स्टर या सरड्याच्या लाळेतील पेप्टाइडापासून एक्झेनाटाइड २००५ मध्ये मान्य झाले. सेमाग्लुटाइडमध्ये मानवी संप्रेरकाचाच छाटला जाणारा दुवा बदलला आणि रक्तातील अल्ब्युमिनला धरून राहील अशी मेदाम्लाची साखळी जोडली, त्यामुळे आठवड्याला एक सुई पुरते. साखर आणि वजन घटवण्यात ही दुसरी वाट सरस ठरली आहे. सिटाग्लिप्टिनचे पेटंट भारतात २०२२ मध्ये संपले आणि किमती कोसळल्या, हे आमच्या गल्ल्यावर रोज दिसते. त्यामुळे नव्या डीपीपी-४ अवरोधकाची वाट कोणी पाहत बसलेले नाही. शिकण्यासाठी लक्ष्य उत्तम आहे. औषध शोधण्यासाठी घेतले असेल तर उशीर झाला.

वैद्यबुवा

आपण सर्व जण रेणूपासून रुग्णाकडे निघाला आहात. उलट दिशेनेही जाता येते. सर्पगंधेचा उपयोग येथे पिढ्यान्‌पिढ्या होता. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिचा परिणाम लिहिला, १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम वकील यांनी आपल्या रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली, आणि रेसर्पिन हा रेणू हाती लागला तो त्यानंतर, १९५२ मध्ये. माणसावरील अनुभव आधी आणि रेणू नंतर, या क्रमाला आपल्याकडे रिव्हर्स फार्माकॉलॉजी म्हटले जाते आणि पुण्यातही त्यावर काम झाले आहे. शिवाय वैद्य क्वचितच एकटे द्रव्य देतो. एकेक रेणू सुटा करून प्रत्येकाचा गुण मोजला, तर कल्पाचा, म्हणजे एकत्र दिलेल्या औषधमिश्रणाचा, परिणाम हातून निसटणारच.

चतुःशृंगी

वैद्यबुवांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. रुस्तम वकील यांचे काम मोलाचे ठरले ते परंपरेच्या आधारामुळे जितके, तितकेच त्यांनी रुग्णांचे रक्तदाब पद्धतशीर नोंदवल्यामुळे. परंतु ही कसोटी दोन्ही बाजूंनी कापते. गुग्गुळापासून केलेल्या गुग्गुलिपिडला आपल्याकडे १९८० च्या दशकात मान्यता मिळाली. पुढे अमेरिकेत प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) तुलना करून घेतलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घातक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडे वाढले. मिश्रणाच्या परिणामाचा मुद्दा तपासण्याजोगा आहे, मात्र त्यासाठी प्रत्येक घाण्यातील घटकांचे प्रमाण सारखे असल्याचे एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने दाखवता आले पाहिजे. नाहीतर आज मोजलेले मिश्रण उद्या वेगळेच असते.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. १एक्स७० वर सिटाग्लिप्टिन पुन्हा डॉक केले. ते मूळ जागी बसले, विचलन १.४ ॲंगस्ट्रॉम आले. रुटिनचे चित्र चतुःशृंगी म्हणतात तसेच निघाले: शर्करा तोंडाशी, एस-१ चा खळगा रिकामा. आमच्या विभागात प्रतिदीप्ती मोजणारा प्लेट रीडर आहे आणि विकराचा संच मागवण्याइतके अनुदान शिल्लक आहे. मग रुटिन सोडूनच द्यावे का?

चतुःशृंगी

सोडू नका, त्याची जागा बदला. यादीतील वरचे रेणू घ्या, पण त्यांच्याबरोबर मुद्दाम कमी गुणाचे काही रेणूही घ्या, विशेषतः रेणुभार ४०० च्या आतले आणि अमाइन असलेले अल्कलॉइड, कारण एस-१ च्या शेजारचे ग्लुटामेट त्यांनाच धरू शकतील. सिटाग्लिप्टिन प्रत्येक प्लेटवर असू द्या. त्याचा आकडा १८ नॅनोमोलरच्या आसपास आला नाही, तर त्या दिवशीचे बाकीचे आकडे वापरू नका. रुटिन आणि क्वेरसेटिन दोन्ही स्वतंत्र तपासा, ट्रायटनसह आणि ट्रायटनविना, आणि एएमसीचे नियंत्रण प्रत्येक सांद्रतेला ठेवा. मग एका अक्षावर डॉकिंगचा गुण आणि दुसऱ्यावर प्रत्यक्ष अवरोध मांडा. ठिपके विखुरलेले निघण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि ते विखुरलेले चित्र उणे ९.८ च्या तक्त्यापेक्षा छापण्याजोगे आहे. मार्गदर्शकांना पटवताना एवढेच म्हणा की परीक्षक रुटिनचा पहिला प्रश्न विचारणारच आहेत, आणि तेव्हा हातात प्लेटचे आकडे असलेले बरे.